पेटी नाशिकला उघडेल

१२ डिसेंबर १९९६, गुरुवार

ऑफिसने जानेवारीत दिलेली ही डायरी आज सापडली. ३ जानेवारीला एकच ओळ आहे: 'या वर्षी नाशिकला बदली. नक्की.' त्यानंतर सगळी कोरी. रोज डायरी लिहिणाऱ्यांना दुसरे उद्योग नसतात, हे माझं जुनं मत आहे.

आज लिहायला बसलो ते चंद्रप्रभाताईंमुळे. त्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्ष, म्हणजे लखनौतल्या समस्त मराठी लोकांच्या सासूबाई. त्यांचं फर्मान निघालंय की ३१ तारखेला मंडळात प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, सरत्या वर्षाने मला काय शिकवलं. मला वर्ष काय शिकवणार, कपाळ! पण बोलेन. लोकांना उपयोग होईल.

धडा पहिला: परक्या गावात बस्तान बसवू नये.

मी आठ वर्षं लखनौत आहे, पण राहत नाही. पोस्टिंगवर आहे. नाशिकहून निघताना आईने एक मोठी लाकडी पेटी भरून, खिळे ठोकून दिली होती. तिचा एक खिळा मी हलू दिलेला नाही. आईने स्वतः भरली म्हणजे आत पितळेची भांडी असणार. बायको पहिल्या वर्षी विचारायची, आत काय आहे बघूया का? मी सांगितलं, पेटी नाशिकला उघडेल. आता ती विचारत नाही. तिने पेटीवर लखनवी चिकनकारीचं कापड घातलंय आणि वर टीव्ही ठेवलाय.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी कोपऱ्यावरच्या पीसीओवरून आईला फोन. आई नाशिकला एकटी. दर रविवारी दोन प्रश्न विचारते. पहिला, बदलीचं काय झालं. म्हटलं, झाल्यातच जमा आहे. दुसरा खास हिवाळ्यातला: गोधड्या पुरतात ना रे? आमच्याकडे कसल्या गोधड्या? माणशी दोन ब्लँकेटं आहेत, तीही ऑफिसच्या सोसायटीची. पण वय झालंय तिचं, घोटाळा होतो. दरवर्षीप्रमाणे सांगितलं, हो, छान ऊब येते. तिला बरं वाटतं. आपलं काय जातं?

परत येतो तर दारात धुनिया. हा पिंजारी दर डिसेंबरला धनुकली वाजवत गल्लीत येतो आणि रजया भरून देतो. बायको, विनीता, त्याच्याशी कापसाचे भाव बोलत होती. मी मध्ये पडलो. सांगितलं, भैया, हम तो जानेवाले हैं. तो म्हणाला, आप तो पिछले साल भी जा रहे थे, साहब. इथल्या लोकांना नको तिथे स्मरणशक्ती.

१९ डिसेंबर, गुरुवार

कोहरा. समोरचं घर दिसत नाही. स्वेटर आणि कानटोपी घालून, दोन्ही ब्लँकेटं पांघरून झोपलो.

धडा दुसरा: थंडी मनात असते.

हे मी रुचाला समजावत होतो. मुलगी दहावीला आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. म्हणाली, बाबा, आप काँप रहे हो. मी तिला सांगितलं की हा व्यायाम आहे.

विनीताने पुन्हा गिझरचा विषय काढला. मी पुन्हा समजावलं की गिझरसाठी भिंतीला भोकं पाडायची, आणि बदली आली की भोकं काय बरोबर न्यायची? चिनहटचे मातीचे कप याच कारणाने घेतले नाहीत, वाटेत फुटतात. टीव्हीची ट्रॉली याच कारणाने नाही. रजई तर नाहीच, नाशिकला तिचं काय लोणचं घालायचं? यात चूक काढून दाखवा. ती पाणी तापवायचा रॉड घातलेल्या बादलीकडे बघत बसली. पटलं असावं.

२४ डिसेंबर, मंगळवार

सर्दी. मनाशी काही संबंध नाही, धुळीमुळे.

शुक्रवारी बदल्यांची लिस्ट लागणार. यंदा माझं नाव नसायचं काही कारणच नाही. जूनमध्ये नाशिक आलं होतं, ते सोडून.

ही डायरी कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. ते पोस्टिंग नव्हतं, अपमान होता. नाशिकच्या ऑफिसात मधुसूदन बसलाय. हा माझ्या हाताखाली फायलींना टॅग लावायला शिकला, आणि आता मी त्याच्या हाताखाली जाऊ? त्याला 'साहेब' म्हणू? हजरतगंजातल्या ऑफिसात माझं टेबल खिडकीशी आहे, चपराशी न सांगता चहा आणतो. तरी मी नकार दिला नाही. फक्त लेखी कळवलं की योग्य पद मिळेपर्यंत माझा विचार करू नये. घरी बोललो नाही. बायका अशा गोष्टी मनाला लावून घेतात. आईला तर पदबिद काही कळतच नाही, तिला फक्त मुलगा हवा असतो.

धडा तिसरा: स्वाभिमान सोडू नये. हा मंडळात सांगायचा, पण उदाहरण द्यायचं नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

लिस्ट लागली. नाव नाही. आमचे वरिष्ठ श्रीवास्तवसाहेब, त्यांच्याकडे गेलो, जरा आवाज चढवूनच बोललो. ते म्हणाले, भई, आप ही ने तो लिखकर दिया था. मी म्हटलं, त्याचा अर्थ तसा नव्हता. मग कसा होता, असं ते विचारत होते. तेवढ्यात मला शिंका आल्या.

घरी सांगितलं, राजकारण झालं.

२८ डिसेंबर, शनिवार

विनीताला हजरतगंजात लोकर घेताना मिसेस श्रीवास्तव भेटल्या. त्यांनी तिचं कौतुक केलं म्हणे. तुम्हाला लखनौ इतकं आवडलं की नाशिक मिळत असून सोडलंत.

ती घरी आली. चप्पल काढली. मी सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं: पद, मधुसूदन, टॅग, खिडकी. तिने पूर्ण ऐकून घेतलं. भांडली असती तर माझी उत्तरं तयार होती.

ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आपण इथेच राहतो."

मी म्हटलं, तसं नाही, पोस्टिंगवर आहोत. पण ती तोवर स्वयंपाकघरात गेली होती.

३० डिसेंबर, सोमवार

ऑफिसातून आलो तर भिंतीला गिझर. भोकं पाडलेली. दिवाणावर लाल रजई, रुचा तिच्यात गुरफटून अभ्यास करत होती. आणखी एक रजई धुनियाकडे सांगावी का, असं मला विचारण्यात आलं. मी बाणेदारपणे नाही म्हटलं. मी ब्लँकेटवाला माणूस आहे.

टीव्हीची ट्रॉली उद्या येतेय. मला विचारलेलं नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार

ट्रॉली आणणारे दोघे सकाळीच आले. टीव्ही उतरवला. मग विनीताने पेटी बाल्कनीत न्यायला सांगितली. मी ओरडलो, सांभाळून, आत पितळ आहे. त्यांनी दोन्ही बाजूंनी धरून उचलली आणि पेटीचा तळ जमिनीवरच राहिला.

पितळ नव्हतं. भुसा पडला, माती पडली, आणि कापडाचे तुकडे. वाळवी. पेटी पोखरून आतलं सगळं खाऊन गेली होती. रुचाने काठीने चाचपून पाहिलं, म्हणाली, बाबा, ये तो रजाई जैसा कुछ है.

गोधड्या होत्या. तीन असाव्यात. काठांवरून ओळखल्या. एक आईच्या हिरव्या इरकलीची, लग्नातली. एक माझ्या लहानपणच्या चादरींची. हाताची शिलाई, बारीक, ओळीने. मी लखनौला निघालो तेव्हा तिने ऐकलं होतं की इकडे थंडी फार.

मी विनीताला म्हटलं, आईने पेटीवर लिहायला हवं होतं. धड राहिलेला एकच तुकडा निघाला, हिरवा, उशीच्या अभ्र्याएवढा. तिने तो झटकला, धुतला आणि गच्चीत उन्हात वाळत घातला.

संध्याकाळी मंडळात गेलो. का जाऊ नये? परक्या गावात बस्तान बसवू नये, यावर दोन मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. चंद्रप्रभाताई म्हणाल्या, तुमचं बोलणं नेहमी ठाम असतं. विनीता खाली मान घालून विणत होती. तिने टाके चुकवले आणि सगळी ओळ उसवली.

१ जानेवारी १९९७, बुधवार

नवीन डायरी मिळेपर्यंत हिच्याच मागच्या पानावर.

सकाळी आईला फोन. ठरवलं होतं की सरळ सांगायचं, यात माझा काहीच दोष नाही, वाळवी कोणालाही लागते. नवीन वर्षाचा नमस्कार केला. तिने या वेळी बदलीचं विचारलंच नाही. म्हणाली,

"तू काही येत नाहीस, मीच येते संक्रांत झाल्यावर. माझ्यासाठी वेगळं पांघरूण घेऊ नकोस. त्या हिरव्या गोधडीत झोपीन मी. ऊब येते ना रे अजून?"

म्हटलं, येते. खूप येते.

एवढंच बोललो. पीसीओवाला विचारत होता, साहब, और बात करेंगे? लाइन कट गयी. मी रिसीव्हर तसाच धरून उभा होतो.

घरी सांगितलं, आई येतेय. रुचा खूश झाली, आजीला म्हणे ट्रॉलीवरचा टीव्ही दाखवणार. विनीताने विचारलं, झोपायची काय सोय करायची? मी म्हटलं, ती म्हणाली तिच्या गोधडीत झोपेन.

"कुठल्या?" विनीताने विचारलं.

मी गच्चीत गेलो. हिरवा तुकडा वाळला होता. त्याची घडी घालून खिशात ठेवली आणि धुनियाला शोधायला निघालो. तिसऱ्या गल्लीत सापडला, दुकानाच्या पायरीवर चहा पीत. त्याला सांगितलं, एक रजई, कापूस नवा, आणि बरोबर मध्यावर हे शिवायचं. त्याने तुकडा उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, मॅच नहीं करेगा. म्हटलं, करू दे नाहीतर नको करू दे, मध्यावरच शिवायचं. मग त्याने भाव सांगितला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"लेकिन साहब, आप तो जा रहे थे?"

मी म्हटलं, तुम रुई भरो.