घरचं तूप

रामघाट, पौष वद्य पंचमी, गुरुवार

गंगेतल्या माशांच्या चरबीत शेतातल्या फवारणीचं डीडीटी किती साचलंय, ते आम्ही प्रयोगशाळेत तपासतोय. तुलनेला काहीतरी शुद्ध हवं होतं, म्हणून मी ऐटीत घरचं तूप नेलं. आपण कुठे मासे खातो, असंही मी वर म्हणाले. आज निकाल आला. तुपातही तेच विष!

शेतातून चाऱ्यात, चाऱ्यातून गाईच्या चरबीत, दुधातून तुपात. इतकं सरळ होतं. मला सुचलं कसं नाही?

आणि हेच तूप मी बाळंतीण लेकीला, सुधाला, वाढतेय. भातावर, डिंकाच्या लाडवांत. दूध भरपूर यावं म्हणून! प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, "घबराइए मत, माँ का दूध बंद मत करवाइए." बाळाला त्याहून चांगलं काही नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण विष अंगात वर्षानुवर्षं राहतं, आणि आईच्या साठ्यातला मोठा वाटा दुधातून पहिल्या मुलाला जातो, हेही ठाऊक आहे.

"आई, आज भातावर तूप नाही?" सुधानं विचारलं. संपलं म्हणाले. बरणी फडताळात मागे सरकवली, झाकण घट्ट लावून. पण तिच्या अंगात आहे त्याचं काय करू?

पलीकडे बाळ चुटुचुटु पितंय. सुधा माझी पहिली. तीही अशीच प्यायची.