आधी अक्षांश की आधी रेखांश

३ सप्टेंबर, सोमवार
आलेलं सामान: जुना मॉनिटर एक (कडेला चरा आहे, पण मधलं दिसलं की झालं) — नऊशे. माऊस एक — साठ, पंचाहत्तर सांगत होता. बाकी मशीन धाकट्याचं टाकून दिलेलं, घरातलंच. वायर — फुकट, दुकानदार माझ्याशी बोलून कंटाळला म्हणून. वाट पाहूनही न आलेला: थोरला.
हा खर्च कशाला, असं ह्यांनी विचारलं. म्हटलं, घर जोडायला. म्हणाले, आधी वायर जोडून दाखव.
दोन्ही मुलांनी मिळून मागच्या खोलीत संगणकावर पृथ्वीचा गोल केला. बोटाने फिरवावा, हवा तिथे जवळ आणावा, आणि कुठे पाऊस झाला, कुठे बस थांबते, ती आपापली माहिती कोणीही त्यावर टाचणीसारखी टोचावी. सगळं फुकट. नुसता गोल फुकट नाही, तो कसा केला तेही जगाला फुकट सांगायचं. ह्याला ओपन सोर्स म्हणतात. मी ह्याला काय म्हणते ते इथे लिहीत नाही, दिवा लावायचाय.
जागेला दोन आकडे असतात, अक्षांश आणि रेखांश. मॅट्रिकला भूगोल होता, त्यामुळे मला हे कोणी सांगावं लागत नाही. थोरला म्हणतो, अक्षांश आधी लिहायचा, जहाजवाले तसंच लिहितात. धाकटा म्हणतो, रेखांश आधी, आलेखात आधी आडवं मग उभं. एवढ्यावरून चार महिन्यांपूर्वी रविवारच्या जेवणात थोरला ताटावरून उठला. सूनबाईला घेऊन नदीपलीकडे आपल्या घरी गेला तो परत आलेला नाही. गोलाची अख्खी नक्कल घेऊन गेला. म्हणजे वाटणी झाली आणि दोघांकडेही पुरी पृथ्वी. भांडीकुंडी अशी वाटता आली असती तर कित्येक घरं शहाणी राहिली असती.
देवापुढे शब्द दिला: मुलांच्या भांडणात तोंड घालणार नाही. फोन तर नाहीच नाही.

५ सप्टेंबर, बुधवार
शब्द बोलण्याबद्दलचा होता. लिहायला हरकत नाही.
दोन्ही गोलांवर तक्रार नोंदवायची सोय आहे. मी 'एक अनुभवी वापरकर्ता' ह्या नावाने खातं उघडलं. पासवर्डला देवाचं नाव दिलं. मशीन म्हणतं, कमकुवत आहे. मशीनला कुठली श्रद्धा! शेवटी देवापुढे दुधाचा हिशेब जोडला तेव्हा मानलं.
बेत असा: दोन्हीकडे एकच तक्रार करायची. म्हणजे 'तुझ्याकडे पण आलं का रे हे?' असं एकमेकांना विचारावंच लागेल.
पहिली तक्रार: समुद्र फार निळा आहे, एवढा रंग कशाला? शिवाय कोणी बघत नसताना गोल फिरत राहतो, विजेचं बिल कोण भरतं?
धाकट्याचं उत्तर लगेच: 'आभारी आहोत. रंगाला पैसे पडत नाहीत.' मग दारातून डोकं काढून चहा मागितला आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. संशय नाही.
थोरल्याकडून: 'तक्रार बंद.' चार महिन्यांतले त्याचे पहिले दोन शब्द. आज माझ्या चहात साखर घातली.

८ सप्टेंबर, शनिवार
काम वाढलंय. सकाळपासून बसले की मान धरते, उठले की चैन पडत नाही. दूध दोनदा उतू गेलं, दोन्ही वेळा गोल उघडत होता म्हणून.
आजची तक्रार: पृथ्वीच्या ह्या टोकाहून त्या टोकाला विमानाची रेघ काढली तर ती शेजारून न जाता सगळी पृथ्वी पालथी घालून येते, आमचे हे किराणा आणायला जातात तशी. खाली लिहिलं, खोकला गेला का? वेळेवर जेवत जा. परक्या वापरकर्त्यालाही माणुसकी असू शकते.
धाकट्याने लिहिलं, रेघेचा दोष जुनाच आहे, आम्हाला माहीत आहे. थोरल्याने लिहिलं, 'गेला.' रेघेबद्दल नव्हे. खाली दक्षिण ध्रुवाकडे राहणाऱ्या कोण्या बर्फावरच्या शास्त्रज्ञाने लिहिलं की त्याचाही खोकला जात नाही. त्याला मिठाच्या गुळण्या सांगितल्या.
एकमेकांना मात्र दोघांनी काही विचारलेलं नाही. उद्या विचारतील.

९ सप्टेंबर, रविवार
पाच पानं मांडली. हे म्हणाले, कोण येणार आहे? म्हटलं, मोजायला चुकले. जन्मभर घरचा हिशेब मी ठेवते, मी मोजायला चुकत नाही हे ह्यांना माहीत आहे. भात उरला. रात्री तोच.

११ सप्टेंबर, मंगळवार
तक्रारींचा मार्ग लांबचा आहे. नवा बेत.
भांडण आहे ते फक्त आधी 'बरं' कोणी म्हणायचं ह्याचं. दोघेही हट्टी, ह्यांच्यावर गेलेत. तेव्हा दोघांचं 'बरं' मीच पोचवायचं. खोटं बोलणं पाप आहे. पण 'तो म्हणेल'च्या जागी 'तो म्हणाला' एवढाच फरक आहे. थोडं आधी सांगितलं, इतकंच.
धाकट्याला चहा देताना सांगितलं, तुझा दादा म्हणत होता, रेखांश आधी हेच बरोबर. पण तू विषय काढू नकोस, त्याला अवघड होईल. धाकटा पेला हातात धरून उभाच राहिला. 'दादा असं म्हणाला? आपला दादा?' मग गॅलरीत गेला आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. चहा निवला. तसाच प्यायला.
दुपारी बसने नदीपलीकडे सूनबाईच्या दवाखान्यात. ती दातांची डॉक्टर आहे. दाढ दुखते म्हणून खुर्चीत बसले आणि कापसाचे बोळे आत असतानाच सांगितलं की धाकटा म्हणतो, अक्षांशच आधी, दादाचं बरोबर होतं, पण कोणी विषय काढू नका. तोंड घालणार नाही असा शब्द होता. तोंड तर सूनबाईच्या हातात होतं.
सूनबाई म्हणाली, 'भाऊजी असं म्हणाले? स्वतःहून?' मी मान डोलावली. 'आई, मान हलवू नका.' मग म्हणाली, 'ह्यांना सांगते. रोज रात्री भाऊजींचा गोल उघडून बघत बसतात हो, काय नवीन केलंय त्यांनी म्हणून.'
मला त्यावर काही बोलता आलं नाही. बोळे होते.
दाढेत खरंच कीड निघाली. पैसे घेतले नाहीत. एकूण फायदाच.

१४ सप्टेंबर, शुक्रवार
दोन्ही गोलांना आज नवं अपडेट आलं. धाकटा न्हाणीघरात गात होता. सूनबाईचा निरोप आला की तिकडे थोरलाही गात होता. दोघांचाही आवाज ह्यांच्यावर गेलाय, तरी ऐकून बरं वाटलं.
परवा रविवार. दूध जास्त सांगितलं. पुढच्या खोलीतले पडदे धुतले. उगाच तीनदा जिन्यापर्यंत जाऊन आले.

१५ सप्टेंबर, शनिवार
सकाळी गोल उघडला. आपल्या घराची टाचणी समुद्रात. थोरल्याचा गोल उघडला. तिथेही समुद्रात, अगदी त्याच जागी. दोघांचं एकमत झालं म्हणायचं. चांगलं लक्षण आहे.
दहा वाजेपर्यंत तक्रारींचा पाऊस. बसकंपनीचे सगळे थांबे पाण्याखाली. कोळ्यांच्या संघाचे धक्के डोंगराच्या माथ्यावर. एका पक्षीवाल्याचे बगळे वाळवंटात. माझी एकही तक्रार नसताना हे सगळं.
धाकटा पांढराफटक होऊन बाहेर आला. म्हणाला, 'आई, दादा माझं मान्य करतो म्हणालीस ना? मला इतकं वाटलं गं. म्हटलं, तो एवढा नमतोय तर आपण काय हट्ट धरायचा! म्हणून मी माझ्याकडे अक्षांश आधी करून टाकला. त्याच्यासाठी.'
मी विचारलं, आणि त्याने?
'आत्ता त्याच्या गोलात बघितलं. त्याने रेखांश आधी केला. माझ्यासाठी.'
म्हणजे दोघेही नमले, आणि बाजू बदलून पुन्हा समोरासमोर. लोकांनी टोचलेल्या टाचण्या जुन्या क्रमाच्या, त्या गेल्या वाहून. ह्याला मी अपयश म्हणणार नाही. मुलांचे स्वभाव सोन्यासारखे निघाले. माझ्यावर गेलेत.
धाकट्याने तिथल्या तिथे दादाला फोन लावला. मी भाजी निवडत होते. ऐकू आलं ते एवढंच: 'तुला कोणी सांगितलं?' मग, 'मलाही.' मग धाकटा हसायला लागला. भाजी मी पुन्हा एकदा निवडली.

१६ सप्टेंबर, रविवार
धाकटा पहाटेच लॅपटॉप घेऊन दादाकडे गेला. गोल सुलटा करायचाय. म्हटलं, दोघे मिळून जेवायला येतील. पाचांचा स्वयंपाक केला.
दुपारी ह्यांना फोन आला. हे चपला घालायला लागले. कुठे, तर म्हणे, 'बोलावलंय, जेवायलाच.' आणि मी? ह्यांना लपवता येत नाही. म्हणाले, 'तू दोन दिवस शांत राहा, असं दोघांचं म्हणणं पडलं.' दोघांचं! चार महिन्यांत दोघांचं म्हणून पहिलं म्हणणं पडलं, ते हे.
पानं मांडली होती. त्यातल्या एकावर मी जेवले.

१७ सप्टेंबर, सोमवार
दोन गोलांचा पुन्हा एक झाला. भांडणही मिटलं. आता गोल आधीच विचारतो, तुमचा कोणता आकडा आधी? आणि तसा चालतो. विचारायचं, एवढंच होतं उत्तर. मला सुचलंच असतं, पण मी कामात होते.
त्याखाली एकत्र झालेल्या गोलाचा पहिला निर्णय: 'एक अनुभवी वापरकर्ता हे खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. कारण: प्रकल्पाशी संबंध नसलेल्या सूचना.' खाली दोघांची नावं, एकाखाली एक. किती दिवसांनी बघितली! वाचून झाल्यावरही पान मिटवलं नाही.
धाकटा म्हणतो, पहिल्या तक्रारीलाच ओळखलं होतं. विजेच्या बिलावरून.
निर्णयाला विरोध एकाचाच, बर्फावरच्या शास्त्रज्ञाचा. त्याचा खोकला थांबलाय.

२० सप्टेंबर, गुरुवार
हातापायांना काम नाही. कपाटं आवरली. आवरलेली पुन्हा आवरली.
नवीन व्यवस्था कळली. इथून पुढे दर रविवारी गोलाचं काम थोरल्याकडे, जेवण तिथेच. हे भाज्या चिरायला जाणार, ह्यांनी कबूलसुद्धा केलं. माझा मॉनिटरही गेला, चऱ्यासकट. म्हणे, मधलं छान दिसतं.
घर जोडलं, ह्यात शंका नाही. फक्त ते नदीच्या पलीकडे जोडलं गेलं.
बंद खात्यातून लिहिता येत नाही. फोन करणार नाही, देवाला शब्द दिलाय आणि माझाही काही मान आहे. धाकटा भिंतीपलीकडेच आहे, पण त्याला हाक मारून विचारलं तर उत्तर देताना माझ्याकडे बघेल. तेव्हा कार्ड लिहिलं. दोघं एक झाल्यामुळे एकातच भागलं, एका कार्डाची बचत. टाकण्याआधी मजकूर इथे उतरवून ठेवते.

चि. थोरला व चि. धाकटा (क्रम तुम्हाला हवा तो धरा), अनेक आशीर्वाद. आपल्या घराची टाचणी पुन्हा जागेवर आली ती मी दवाखान्यात सूनबाईच्या फोनवर पाहिली. गोल चांगला झालाय. समुद्र आहे तेवढा निळा राहू दे, माझी काही तक्रार नाही. दाढेला पुन्हा रविवारीच बोलावलंय, तेव्हा मला तसंही तिकडे यायचंच आहे. येताना भात माझ्याकडून आणू, की नेहमीसारखी इथे पाच पानं मांडू, एवढंच उलट टपाली कळवावं.