उजवीकडची तूर

१५ डिसेंबर, सोमवार. पहाटे ५.५०

थंडी जबरदस्त. तरी उठलो. आजपासून मुलींच्या बास्केटबॉल टीमचं कोचिंग मनावर घेणार.

पुढेमागे कुणी विचारलंच तर म्हणून नोंद: मी भूगोल शिकवतो. दोन वर्षांपूर्वी स्टाफरूममधली ट्यूब गेली, ती मी स्टूल न घेता बदलली. प्राचार्यांनी ते पाहिलं आणि त्याच आठवड्यात बास्केटबॉल माझ्याकडे आलं. उंची सहा फूट दोन इंच. टॅलेंट लपत नाही.

परिस्थिती अशी. लीगमध्ये पाच कॉलेजं, त्यातल्या पहिल्या दोन टीम पुण्याच्या स्पर्धेला जाणार. आमच्या दोन मॅच झाल्या. एक जिंकलो (समोरच्यांची बस आलीच नाही), एक हरलो. राहिल्या यवत आणि दौंड. दोन्ही जिंकायलाच हव्यात. नाहीतर कोर्टावर पत्रे टाकून टू-व्हीलर पार्किंग करू, असं प्राचार्य म्हणाले. हसत म्हणाले, पण पत्र्याचं कोटेशन टेबलावर होतं. कोर्ट गेलं तर टीम गेली. टीम गेली तर मी परत नुसता भूगोल.

संकल्प: रोज पाचला उठणे, कोचिंगची पीडीएफ (२१२ पानं) संपवणे, वडापाव बंद.

त्याच दिवशी, सकाळी ८.१५

पोचायला उशीर. अंथरुणात बसून स्ट्रॅटेजीचा विचार करत होतो. मुली आलेल्या होत्या. कस्तुराबाईही आल्या होत्या. आणि त्यांची तूर.

कस्तुराबाईंचं रान कॉलेजच्या कंपाउंडला लागून. कोर्टाची जागा त्यांच्याच सासऱ्यांनी दिलेली. शिवाय इथून मांडवगणपर्यंत एवढं सपाट सिमेंट दुसरं नाही. त्यामुळे दर हिवाळ्यात त्यांची तूर कोर्टावर वाळते आणि कुणी हू की चू करत नाही. रिंगकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडचा पट्टा आमचा, उजवीकडे सगळी तूर. पलीकडच्या टोकाला चिंचेची सावली आहे म्हणून तिथे तूर नाही. पण तिथल्या बोर्डाला रिंगही नाही.

मी कडक शब्दांत बोललो. चार दिवसांत उचलते म्हणाल्या. ठीक आहे. शुक्रवारी कोर्ट मोकळं.

१७ डिसेंबर, बुधवार

बॉल तुरीत गेला की खेळ थांबतो. नीलम (आमची सगळ्यात वेगवान खेळाडू) बूट काढते, सॉक्स काढते, तुरीत जाते, बॉल आणते, वाकून दाण्यांना हात लावून कपाळाला लावते, परत सॉक्स, परत बूट, परत लेस. स्टॉपवॉच लावलं. एका वेळी काढायचे चाळीस सेकंद, घालायचे वेगळे. मॉडर्न स्पोर्टमध्ये चाळीस सेकंद म्हणजे काय असतं हे मी मुलींना समजावून सांगितलं आणि बूट घालूनच आत जायची ऑर्डर दिली.

सगळी टीम माझ्याकडे बघत राहिली. मग कॅप्टन माया शांतपणे म्हणाली की सर, आधी तुम्ही जाऊन दाखवा.

मी गेलो नाही. माझे बूट नवीन होते.

त्यावर मी जागच्या जागी नवीन टेक्निक शोधलं. बॉल उजवीकडे द्यायचाच नाही. सगळा खेळ डावीकडून. नाव ठेवलं लेफ्ट सिस्टिम. पीडीएफमध्ये असं काही नाही (मी नवव्या पानापर्यंत पाहिलंय).

कस्तुराबाई हातात काठी घेऊन कडेला बसलेल्या असतात. पाखरं हाकलतात आणि गेणबा शिपायाची शेळी आली की तिलाही. मधूनमधून मुलींनाही काहीतरी सांगतात. आज अनिताला म्हणाल्या की बॉलकडं बघू नगं, समोरच्या पोरीच्या कमरंकडं बघ, वासरू पळायच्या आधी कंबर वळवतं. मी नम्रपणे सांगितलं की टेक्निकल बाबी माझ्यावर सोडा. हो म्हणाल्या आणि उकडलेल्या शेंगा दिल्या. दोन मुठी खाल्ल्या. शेंगा म्हणजे वडापाव नव्हे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

चार दिवस झाले. तूर तिथेच. विचारलं तर म्हणाल्या, ती पहिली उचलली, ही दुसरी. मला तर सारखीच दिसते.

२० डिसेंबर, शनिवार. यवत, दुपारी ३.१०

जिंकलो. ३१–२७.

लेफ्ट सिस्टिम शंभर टक्के यशस्वी. आमच्या मुली उजवीकडे फिरकल्याच नाहीत, आणि यवतच्या अर्ध्या मुली उजवीकडे वाट बघत उभ्या. अनितानं सात वेळा समोरचीचा बॉल पळवला. कमरेकडे बघत होती म्हणे. हे मी तिला बहुधा कधीतरी सांगितलं असणार.

यवतच्या कोचनी विचारलं, तुमच्या मुली उजवीकडे का जात नाहीत? मी नुसता हसलो. ट्रेड सिक्रेट. त्या एवढं काटेकोर का पाळतात हे मलाही नक्की माहीत नाही, पण ते त्यांना कशाला सांगा.

विजयाचे दोन वडापाव. अपवाद म्हणून.

२२ डिसेंबर, सोमवार

टॅक्टिकल बोर्ड तयार केला. जुना पांढरा फळा, त्यावर खेळाडू म्हणून टिकल्या. आमच्या लाल, समोरच्यांच्या हिरव्या. टिकल्यांचं पाकीट रुपालीचं. तिला सांगितलं नव्हतं. लग्नाला निघायच्या वेळी तिला ते सापडेना. मी म्हणालो की त्या सध्या नॅशनल लेव्हलच्या कामात आहेत. बायको असूनही तिला खेळात काडीचा रस नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

शिरूरला सरावाची मॅच घेतली. चकाचक कोर्ट, दोन्ही बाजूंना रिंगा. हरलो. तो मुद्दा नाही.

मुद्दा गंभीर आहे. नीलमसमोर उजवीकडून सरळ वाट मोकळी होती. एक पोरगी आडवी नाही. ती पळत आली, मध्यरेषेच्या उजव्या अंगाला पोचली आणि करकचून थांबली. मग वळसा घालून डावीकडून गेली आणि तिघींच्या गर्दीत बॉल घालवून बसली. का थांबलीस म्हणून विचारलं, तर म्हणते, "सर, तिकडं तूर हाय ना." आणि मग स्वतःच जीभ चावली.

बाकीच्यांनाही बारकाईनं पाहिलं. सगळ्यांचं तेच. माया तर कडेकडेनं अशी पळते की एकही दाणा पायाखाली येऊ नये. जिथे तूर नाही तिथेही.

म्हणजे लेफ्ट सिस्टिम मी शोधण्याआधीच त्यांच्या पायांत होती. असो. श्रेय वाटून घेणं हा कोचचा गुण आहे.

दौंडच्या कोच हुशार आहेत. त्यांनी यवतची मॅच मोबाइलवर शूट केलीय.

२६ डिसेंबर, शुक्रवार

कस्तुराबाईंशी निर्वाणीचं बोललो. तूर उचला नाहीतर. नाहीतरच्या पुढे काय ते ठरवलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ढग हाय, दव पडतंय, वाळली न्हाई तर कीड लागंल. मुद्दा शास्त्रीय होता. भूगोलाचा माणूस म्हणून मला मान्य करावा लागला.

वीस मिनिटं चर्चा झाली. चर्चेअंती मी बूट काढून तूर वरखाली करू लागलो. संध्याकाळी ताडपत्री पसरायलाही मीच होतो, माझा हात लांब पुरतो म्हणून. पाठ धरलीय.

२९ डिसेंबर, सोमवार

प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेलो. ते म्हणाले की धान्य ज्याचं त्यानंच उचलायचं असतं, मी काय सांगू. मग पार्किंगची मापं घ्यायला आलेल्या माणसाला घेऊन बाहेर आले. तो माणूस टेप धरून डावीकडून नीट मोजत गेला, तुरीपाशी थांबला, चप्पल काढावी का म्हणून प्राचार्यांकडे पाहिलं, आणि उरलेलं माप अंदाजे लिहून घेतलं.

प्राचार्य म्हणाले की पाच तारखेला दौंड. सहा तारखेला पत्रे.

मुलींनी ते ऐकलं. नीलम प्रॅक्टिसला आली ती डोळे पुसतच. तिला घरून फक्त एवढ्याच कारणासाठी बाहेर पडता येतं, हे मला आज कळलं. दोन वर्षांत विचारायचं राहून गेलं होतं. वाईट वाटलं. पीडीएफ उघडली. पान नऊ.

१ जानेवारी, गुरुवार

माया घरच्यांबरोबर कोरेगाव भीमाला अभिवादनाला गेली. बाकीच्यांनाही सुट्टी दिली. मी दिवसभर राइट सिस्टिम लिहून काढली. दोन पानं, सात बाण, एक नकाशा. नवीन वर्षाचा संकल्प: टीमच्या मनातली तूर उचलणे.

३ जानेवारी, शनिवार

राइट सिस्टिमच्या झेरॉक्स वाटल्या. मुलींनी मान डोलावली. नंतर एका झेरॉक्समध्ये कस्तुराबाईंनी गूळ बांधून मला दिला. नकाशा चिकट झाला, पण वाचता येतो.

५ जानेवारी, सोमवार. दौंड, सकाळी ११.४०, हाफ टाइम

१२–२१. पिछाडीवर.

आधी प्रवास. कस्तुराबाईंना दौंडला बहिणीकडे जायचं होतं, म्हणून कॉलेजच्या गाडीत बसल्या. पुढच्या सीटवर, म्हणजे माझ्या. मी मागे, टायरवरच्या सीटवर, फळा मांडीवर. बहिणीकडे न उतरता सरळ ग्राउंडवर आल्या. आधी मॅच म्हणाल्या.

दौंडनं तीन मुली डावीकडे उभ्या केल्या आहेत. उजवीकडे कुणीच नाही, मोकळं रान. आणि आमच्या मुली त्या तिघींवर जाऊन आपटतायत. मी बाहेरून उजवीकडे, उजवीकडे म्हणून घसा बसवला. त्या निघतात, रेषेपाशी येतात आणि पाय थांबतो.

आता भाषण देणार आहे. मुद्दे लिहून आणलेत. जाताना फळा पडला. टिकल्या शोधतोय.

त्याच दिवशी, दुपारी १२.५५

जिंकलो. ३८–३७. उभ्यानंच लिहितोय, अक्षराकडे लक्ष देऊ नये.

शेवटचा क्वार्टर. २६–३५. मी खाली वाकून दोन लाल टिकल्या शोधत होतो (एक माझ्याच बाहीला होती). तेवढ्यात मागून कस्तुराबाई उठल्या. काठी आपटली. सगळं ग्राउंड वळून बघायला लागलं.

"पोरींनो, तूर उचलली म्या. सकाळीच पोत्यात भरली. कोर्ट मोकळं हाय. पळा आता बिनघोर."

माझ्या डोळ्यांसमोर झालं म्हणून लिहितो. नीलमनं बॉल घेतला, रेषेपाशी आली, आणि थांबली नाही. उजवीकडून सरळ आत. रिंग. मग अनिता उजवीकडून. मग माया उजवीकडून, दोनदा. दौंडच्या मुली वळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेवटची बास्केट पडली तेव्हा मी फळा वर फेकला आणि रडलो. कोचनं रडू नये असं कुठे लिहिलेलं नाही. निदान पहिल्या नऊ पानांत नाही.

राइट सिस्टिम अखेर क्लिक झाली.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.३०

कॉलेजवर परतलो. तूर कोर्टावर जशीच्या तशी. कडेला कस्तुराबाईंची सून काठी घेऊन बसलेली. मुली आधी तुरीकडे बघत राहिल्या, मग कस्तुराबाईंकडे, आणि मग हसून हसून खाली बसल्या. कस्तुराबाई म्हणाल्या, "एवढी तूर एका सकाळी उचलती व्हय? खुळ्याच हायसा."

मग कुणीतरी बॉल टाकला. तो तुरीत गेला. नीलमनं बूट काढले.

७ जानेवारी, बुधवार

प्राचार्यांनी बोलावलं. ब्लेझर घातला, नम्र भाषण तयार ठेवलं. गोड बातमी: पत्रे रद्द. दुसऱ्या बोर्डाला नवी रिंगसुद्धा येणार. मी भाषण सुरू केलं, तेव्हा त्यांनी पुण्याचा एंट्री फॉर्म पुढे सरकवला. मुलींच्या टीमबरोबर एक महिला हवी. आणि गाडीत टीमशिवाय एकच जागा.

मी रुपालीचं नाव सुचवणार होतो, म्हणजे मीही तिच्या मागोमाग बसनं गेलो असतो. पण फॉर्म भरलेला होता. मार्गदर्शक: कस्तुराबाई. अकराही मुलींच्या सह्या.

कस्तुराबाईंची एकच अट होती. सून माहेरी चाललीय, तर तुरीपाशी भरवशाचं माणूस पाहिजे. मुलींनी एकमतानं नाव सुचवलं. माया म्हणाली की सर उंच आहेत, पाखरांना लांबूनच दिसतील.

विश्वास ठेवतात पोरी माझ्यावर.

१० जानेवारी, शनिवार. कोर्ट, सकाळी ९.००

काठी ताब्यात घेतली. टीम पुण्याला पोचली असेल. बरोबर फळा आणलाय. टिकल्या लावल्या: लाल मी, हिरव्या चिमण्या, मोठी हिरवी गेणबाची शेळी. शेळी नेहमी लॅबच्या मागून, म्हणजे डावीकडून येते, हे माझं तीन आठवड्यांचं निरीक्षण आहे. खुर्ची डावीकडे टाकली. लेफ्ट सिस्टिम.

दुपारी १.२०

मायाचा फोन. पहिली मॅच जिंकल्या. तिनं फोन कस्तुराबाईंकडे दिला. त्यांनी विचारलं, तूर हालवली का. मी म्हणालो, हालवली. नीट हालवा म्हणाल्या आणि फोन ठेवला. रुपाली डबा घेऊन आली. टिकल्यांचं पाकीट परत घेऊन गेली, फळ्यावरच्या टिकल्यांसकट.

दुपारी ४.१०

शेळी आली. उजवीकडून.

मी मोठ्यानं ओरडलो. तिनं मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. काठी पुरेना. आत जाणं भाग होतं. खाली बसलो, लेस सोडली, बूट काढले, सॉक्स काढले.

चाळीस सेकंद. मीच मोजले होते.