चारशे मिलिमीटरच्या लेन्सबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या चष्म्यातून लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, साखर आहे, डोके जागेवर आहे. डॉक्टर साक्षीला येणार आहेत, ते सांगतील. माझ्यावर कोणाची बळजबरी नाही. ती करणे आमच्या ह्यांनाही कधी जमले नव्हते. देवाला स्मरून लिहिते की यापूर्वी मी असा कागद केलेला नाही आणि यात लिहीन ते खरे लिहीन.  

१. राहते घर मुलगा आणि लेक यांना निम्मे निम्मे. 'ताई एकटीच तर आहे' असे मुलाने म्हणू नये. एकट्या माणसाला भिंती कमी लागत नाहीत.

२. सोन्याच्या दोन बांगड्या सुनेला. देवघरही तिलाच. पूजा रोज झाली नाही तरी चालेल, पण दिवा घासलेला असावा. पितळेवर काळे डाग असले की मला अजून झोप येत नाही, मेल्यावर तरी यावी.

३. ह्यांचे कॅमेरे दोन, रुंद दृश्याची लेन्स एक आणि ट्रायपॉड एक, हे सर्व लेकीला. हे पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे आणि रविवारी फोटो काढायला तळ्यावर किंवा टेकडीवर जायचे. आमचे लग्न झाल्यावर घरात पहिली मोठी वस्तू आली ती ट्रायपॉड. मी म्हटले, "कॅमेरा कुठाय?" तर म्हणाले, "आधी पाय, मग डोळा, शेवटी डबा." म्हणजे आधी तिपाई मजबूत घ्यायची, मग लेन्स चांगली घ्यायची आणि उरेल त्यात कॅमेरा. डबे दर दोन वर्षांनी नवे येतात, चांगली काच जन्मभर पुरते, असा त्यांचा हिशेब. मला तो पटला होता. फार पटला, हेच पुढे नडले.

ट्रायपॉडचा एक पाय वाकडा आहे. तो नाक्यावरच्या स्टुडिओवाल्याने एका लग्नाला म्हणून नेला आणि वाकवून आणला. वर म्हणाला, "आधीच तसा होता, वहिनी." मी त्याला क्षमा केली आहे. पण तो किंवा त्याचा मुलगा मागायला आला तर देऊ नये.

४. जाड कापडाची पिशवी एक, आत किडके हरभरे. भिंतीच्या कडेवर ती ठेवायची आणि वर जड लेन्स टेकवायची, म्हणजे हात हलत नाही. मी शिवली. चांगले हरभरे भरायला माझा जीव होईना. कीड बाहेर येऊन एकदा ह्यांच्या भुवईपर्यंत चढली होती, पण खंड्या पक्षी समोर बसला होता म्हणून हे हलले नाहीत. पिशवी ज्याला हवी त्याने घ्यावी.

५. वह्या अकरा. प्रत्येक फोटोची वेळ, आभाळ कसे होते, लेन्सचे छिद्र किती उघडले, शटरचा वेग किती ठेवला, हे मी लिहीत असे. टेकडीचा फोटो असेल तर पान रिकामेच राहायचे, कारण हे दोन-दोन तास नुसते ढग सरकायची वाट बघायचे. या वह्या लेकीच्या. पहिल्या दोन वह्यांत तिच्या नावावर तक्रारी आहेत, की बोलली आणि बगळा उडाला. त्यावरूनच हे तिला टिटवी म्हणू लागले. नंतर तीच त्यांच्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसायला लागली.

६. चारशेची लेन्स. ही लांबच्या पक्ष्यांसाठी. पाच वर्षे थांबून ह्यांनी जुनी घेतली. पट्ट्याने त्यांच्या खांद्याला घट्टा पडला होता.

हे गेले त्याच्या पुढल्या वर्षी वनखात्याने तळ्यावरच्या पक्ष्यांची नोंद करायला माणसे घेतली. टिटवी तेवीस वर्षांची होती. धावत घरी आली.

"आई, तीन महिन्यांचं काम आहे. चांगलं झालं तर पुढेही देतील. लांबची लेन्स स्वतःची पाहिजे, एवढीच अट आहे."

मी म्हटले, "बाबांची शेवटची वस्तू आहे ती. चिखलात पडली म्हणजे?"

"बाबा तिच्यासकट दोनदा चिखलात पडले होते. तूच लिहिलंयस वहीत."

"आधी कुठे कायमची चिकट. मग बघू."

ती एवढेच म्हणाली, "बरं." ते काम दुसऱ्याला मिळाले. ती पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या दुकानात चिकटली. बावीस वर्षे झाली, माणसांना हनुवटी खाली घ्या म्हणून सांगते आहे. तिने लेन्स पुन्हा कधी मागितली नाही.

मी ती जपली. आधी फलालीनचे कापड, मग चामड्याची पेटी, मग प्लास्टिकच्या दोन पिशव्या सुतळीने बांधून, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात. कपाटामागे न्हाणीघराची भिंत आहे. दर महिन्याला गाठ सोडून पेटी बाहेरून पुसायचे. आत बघितले नाही. बघायचे काय, आहे तशी असणार.

नऊ वर्षांनी टिटवीच्या वाढदिवसाला ती आपणहून द्यावी असे मनात आले. तोंडाने चूक झाली म्हणणार नव्हते, पण वस्तू दिली म्हणजे समजेल असे वाटले. देण्याआधी दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने लेन्सच्या एका टोकाने बॅटरी मारली आणि दुसरीकडून मला बघायला लावले. आत पांढरी मुळे पसरली होती.

"ही कोणी ठेवली होती, मावशी?"

"मी."

"बाहेरून इतकी स्वच्छ लेन्स माझ्याकडे आजवर आली नाही. पण ही बुरशी आहे. ओल, अंधार आणि कोंडलेली हवा. उन्हातान्हात फिरली असती तर काही झालं नसतं."

"पुसून निघेल?"

"बुरशी निघेल. काचेवरचा लेप तिनं खाल्लाय, तो कुठून आणू?"

मी ती घरी आणली, पुन्हा तशीच बांधली आणि कुलूप लावले. वाढदिवसाला टिटवीला छत्री दिली. या गोष्टीलाही आता तेरा वर्षे झाली. देवापुढे रोज कबूल केले. देवाला कुठे लेन्स हवी होती. जिला हवी होती ती रोज संध्याकाळी येऊन माझ्या औषधांच्या गोळ्या मोजून ठेवते, तिला सांगितले नाही. ही लेन्स मी कोणालाही देत नाही. माझ्यामागे मुलाने ती पेटीतून काढावी आणि बहिणीला एकदा आतून दाखवावी.

~~७. माझ्या नावची मुदत ठेव लेकीला, नवी लांबची लेन्स घेण्यासाठीच. टेकडी चढताना खांद्याला नकोशी होणार नाही अशी घ्यावी, नकोशी झालेली लेन्स घरीच राहते असे हे म्हणत. वर्षाने मुलाने ती लेन्स तपासावी. कोरी दिसली तर बहिणीला जाब विचारावा.~~

सहीपूर्वी पुढील मजकूर जोडत आहे.

आज दुपारी साक्षीला डॉक्टर आणि खालच्या मजल्यावरचे शिंपी आले. साक्षीदाराला कागद वाचायची गरज नसते, पण शिंप्यांना कोणी काही वाचू नये म्हटले की राहवत नाही. सातव्या कलमावर त्यांनी बोट ठेवले.

"वहिनी, ही लेन्स ताईला कधी मिळणार?"

"मी गेल्यावर."

"आणि तुम्ही कधी जाणार?"

डॉक्टर म्हणाले, "साखर आटोक्यात आहे. दहा वर्षं तरी हलत नाहीत या."

"म्हणजे ताई पंचावन्नची होईल," शिंपी म्हणाले. "वहिनी, हेही पिशवीत घालून सुतळीच बांधताय की तुम्ही."

मला राग आला. चहाचे कप उचलून आत गेले आणि मोरीपाशी ते दोनदा विसळले.  मग येऊन दुकानात फोन लावला.

"आई, समोर गिऱ्हाईक आहे. काय झालं?"

मी म्हटले, "चारशेची लेन्स गेली. माझ्या हातून गेली. बुरशी लागली. तेरा वर्षं मला माहीत आहे."

 

ती म्हणाली, "मला वाटत होतं, माझ्या हातात द्यायला तुझा जीव होत नाही. इतकी वर्षं मी तेच धरून बसले होते."

 मी ठेवीचे सांगितले. तळ्यावर जाता येईल म्हटले. ती म्हणाली, "माझं मनगट दुखतं आता, आई. दिवसभर तोच कॅमेरा." आणि फोन ठेवताना म्हणाली, "संध्याकाळी यायला उशीर होईल."

सबब कलम सात मी संध्याकाळी दोघा साक्षीदारांना पुन्हा बोलावून त्यांच्यासमोर रेघ मारून रद्द केले आहे आणि समासात सही केली आहे. ठेव मी उद्या बँक उघडताच मोडणार आहे. ती रक्कम माझ्या मागे राहणाऱ्या मालमत्तेत कोणी धरू नये. लेक ती घेईल की नाही, लेन्स घेईल की मनगटावर इलाज करील, की मला परत करील, हे मला ठाऊक नाही. परत केली तर मी पुन्हा देईन. मी ठेवून घेणार नाही.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी

बाईंनी आमच्यादेखत सही केली आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या देखत केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.

(सही) डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना
(सही) शिंपी, तळमजला. मी वाचले, त्याबद्दल माफी मागितली आहे.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, संध्याकाळचे सव्वासात. लेक अजून आलेली नाही.