सायबांचं वजन

१२ जानेवारी १९७६

चार-पाच घोट. मग तोंड सुटतं, डोळे मिटतात. कपाळावर घाम — या थंडीत, धरणावरच्या वाऱ्यात. मी थांबते. तो श्वास गोळा करतो. परत चार-पाच घोट.

काल औरंगाबादहून परतलो. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. त्याच्याजवळची एक नळी जन्मल्यावर आपोआप मिटते. याची उघडी राहिली आहे. मुंबईला नेऊन बांधावी लागेल. "पण इतक्या लहान छातीत ते हात घालणार नाहीत. आता पावणेतीन किलो आहे. चार करून न्या." दाराशी आल्यावर यांना हळूच म्हणाले, "फार उशीरही करू नका."

म्हणजे त्याला वाढवायचंय. आणि तो दूध ओढतानाच दमतो. दूध मिळवण्यात दूध खर्च होतं.


१४ जानेवारी

नवी पद्धत. आधी थोडा वेळ अंगावर. तो दमला की बंद. मग वाटीत काढून ठेवलेलं दूध बोंडल्यानं, थेंब थेंब, उभं धरून. मग औषध. मग तो झोपतो, मी वाटी उकळते. तोवर पुढची वेळ झालेली असते.

बोंडलं आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, आणलं. जर्मनचं, चोच थोडी वाकलेली. याच बोंडल्यानं यांना पाजलं होतं म्हणतात. साडेपाच फुटांचा सुपरवायझर या चोचीतून वाढला, यावर आज पहिल्यांदा हसू आलं.

आत्याबाई नातवाला 'सायब' म्हणतात. दोन घोट घेऊन तो टेकला की — "सायब दमले. दौरा लई मोठा झाला जणू."


१६ जानेवारी

वजन कुठे करायचं? दवाखाना औंढ्याला. दर आठवड्याला एसटीच्या धुळीतून त्याला नेणं शक्य नाही. हे म्हणाले, मच्छीमार सोसायटीचा काटा आहे की.

आत्याबाईंनी हातातली भाकर तव्यावर तशीच सोडली.

"लेकरू तोलत न्हाईत."

"काहून?"

"तोललं की उतरतं. ज्वारी तोल, मासळी तोल. लेकरू काहून तोलून राहिला तू?"

"माय, डाक्टरला आकडा सांगायचा हाय. आकड्याबिगर ते आत घेत न्हाईत."

भाकर करपली. मग म्हणाल्या, "मीच गुंडाळीन. मीच ठिवीन अन् मीच उचलीन. दुसऱ्या कोनी हात लावायचा न्हाई."

कबूल.


१८ जानेवारी

सोसायटीच्या गोपीचंदनं काट्याचं पारडं राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, धुऊन उन्हात वाळवलं. तरी मासळीचा वास होताच. त्यावर त्यानं कडुनिंबाचा पाला अंथरला. दुसऱ्या पारड्यात आधी तेवढाच पाला टाकला आणि आमचं दुसरं दुपटं टाकलं. "बराबर पायजे, बाई. नाहीतर दुपट्याचंच वजन मुंबईला जायाचं."

आत्याबाई सायबांना दुपट्यात घट्ट गुंडाळून घेऊन आल्या. ठेवलं. गोपीचंदनं वजनं चढवली. काटा थरथरला, थांबला.

तीन किलो.

पावणेतीनचे तीन! एका आठवड्यात! गोपीचंद म्हणाला, "या मापाचा मासा आम्ही परत पान्यात सोडतो. वाढून ये म्हनतो."

आत्याबाईंनी सायबांना उचललं आणि मागे न बघता घरी चालू लागल्या.


२५ जानेवारी

गोपीचंदनं मरळ पाठवली. बाळंतिणीला दूध उतरतं म्हणे. आत्याबाईंनी रस्सा केला, तिखट मुळीच नाही. मी दोन वाट्या प्यायले. दूध उतरलं की नाही कळत नाही. मला झोप मात्र उतरली.

शेजारच्या लक्ष्मीबाई बघायला आल्या. "किती गरीब लेकरू. रडत कसं न्हाई?"

रडायला दम लागतो, असं मी सांगितलं नाही.


३ फेब्रुवारी

ठसका लागून दूध श्वासात गेलं. बोंडलं माझ्याच हातात होतं. ओठ जांभळे झाले. आत्याबाईंनी त्याला पालथा घेऊन पाठीवर थापलं, तेव्हा परत रंग आला.

नंतर त्या ओसरीवर जाऊन बसल्या. मी बाहेर गेले तर म्हणाल्या, "पद्मे, हात थरथरून राहिला का? मग आजचं मी पाजते. उद्याचं तू पाज."




११ फेब्रुवारी

दर रविवारी काटा. थोडं थोडं वर जातं आहे. एका रविवारी गेलंच नाही. तो आठवडा घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही.


१९ फेब्रुवारी

एम.ए.ला भाषाशास्त्राच्या पेपरात 'लागणे' या क्रियापदावर टीप लिहिली होती. चांगले गुण मिळाले होते. भूक लागते, तहान लागते, धाप लागते, नजर लागते. दूध अंगी लागतं. जीव लागतो.

तेव्हा मला यातलं काहीही लागलेलं नव्हतं.


२७ फेब्रुवारी

माझ्याकडे बघून हसला. दूध पिताना हसल्यामुळे सगळं गळ्यावर सांडलं. एवढं दूध वाया गेल्याचं वाईट वाटलं नाही, असं प्रथमच झालं.

हे कालव्यावरून आले तर आत्याबाई सांगत होत्या, "सायब आज खुशीत. तुजी बदली करत न्हाईत म्हनले."


१४ मार्च

चार!

गोपीचंदनं दोनदा बघितलं. मग आजूबाजूच्यांना हाक मारून दाखवायला निघाला, तर आत्याबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो जागीच गप्प झाला.

यांनी संध्याकाळीच औंढ्याला जाऊन तार केली.


२२ मार्च

मुंबईहून उत्तर आलं. पलंग मिळाला. तीस तारखेला हजर व्हा.

ऊन वाढलं आहे. पाजताना त्याचा श्वास जास्त धावतो आहे. प्रवासाच्या धास्तीमुळे मला तसं वाटत असेल.


२५ मार्च

जे घडलं ते सरळ लिहिते.

सामान बांधत होते. वजनाचं दुपटं आत्याबाई कुणालाच धुवू देत नाहीत. म्हटलं, आज मीच धुवावं. उचललं तर जड लागलं. दुमडीत आतून खिसा शिवलेला, बारीक टाक्यांचा. खिशात अडकित्ता.

आत्याबाई दारात उभ्या.

"हे काय?"

"लोखंड हाय. लेकरू तोलताना सोबत असावं. अन् —" त्या थांबल्या. "खरं वजन कोनाला कळू द्यायचं नसतं, बाई. नजरेला खोटं सांगावं लागतं."

"दर वेळी होता हा?"

"व्हय. दर वेळी."

अडकित्ता घेऊन मी काट्यावर गेले. गोपीचंदला काही सांगितलं नाही. त्यानं तोलला.

पाव किलो.

म्हणजे पहिल्या आठवड्यातली ती वाढ — अडकित्त्याची. आणि सायब आज पावणेचारच्या आसपास आहेत.

रागावायचं होतं. घरी आले तर आत्याबाई त्याला मांडीवर घेऊन बोंडल्यानं पाजत होत्या. थेंब थेंब. डोळे वाहत होते, हात मात्र जराही हलत नव्हता. मला रागावता आलं नाही.

रात्री यांना सांगितलं. हे आत्याबाईंकडे वळले. मग म्हणाले, "माय, सरकारी कामात असं करतात. घरात पहिल्यांदा पाहिलं." आत्याबाईंना हसावं की रडावं कळेना.

मग खरा प्रश्न. पलंग चारच्या भरवशावर मिळालाय. थांबायचं? आणखी महिना लागेल. जायचं? तिथून त्याला परत पाठवलं तर एवढा प्रवास फुकट, आणि प्रवासात वजन उतरलं तर? पण परत पलंग कधी मिळणार? शेवटी ठरलं — जायचं. गेल्यागेल्या खरं सांगायचं.

"मी बी येते," आत्याबाई म्हणाल्या. "खोटं माजं हाय. मीच सांगीन."


३० मार्च, मुंबई

वजनाच्या खोलीत सिस्टर म्हणाली, कपडे राहू देत, आम्ही वजा करतो. आत्याबाईंनी ऐकलं नाही. झबलं काढलं. लंगोट काढला. हातातले काळे मणी काढले. कमरेचा करदोरा दातांनी तोडला.

"आता तोला," त्या म्हणाल्या. "काईच न्हाई त्याच्या अंगावर."

पावणेचारच्या किंचित वर.

आत्याबाईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, आमच्या मराठीत, हात जोडून. ते मुंबईचे. अडकित्ता म्हणजे काय ते कळायला वेळ लागला. मग म्हणाले, "खरं वजन कळवलं असतंत तर मी पलंग दिला नसता."

आत्याबाईंनी सायबांना उचलून त्यांच्यापुढे धरलं.

डॉक्टरांनी त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. पुष्कळ वेळ ऐकलं. छातीचा फोटो उजेडाला धरला.

"छातीत पाणी धरायला लागलंय. महिनाभर थांबला असतात, तर तो इथपर्यंत आला नसता. परवा करू."

बाहेर आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "परवा म्हनले ना ते? का मी चूक ऐकलं?"


१ एप्रिल

पहाटेपासून दूध बंद. ऑपरेशनआधी पोट रिकामं लागतं.

इतके दिवस त्यानं मागायच्या आत दिलं. त्याला भूक कधी कळलीच नव्हती. आज कळली. ओठ चाटले, माझ्याकडे तोंड वळवलं, मग बारीक आवाजात रडू लागला. दुधानं माझा पदर भिजून गेला. आत्याबाई म्हणाल्या, "दे माज्याकडं. तुजा वास येतो त्याला." मी दिला. वऱ्हांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले.

आत्याबाईंनी त्याला खिडकीशी नेलं. "सायब, आज दौरा हाय. उपाशीपोटी जायाचं असतं. आल्यावर जेवान."

मग नेला.


५ एप्रिल

सकाळी सिस्टरनं त्याला माझ्याकडे दिला. छातीच्या बाजूला पट्टी. अंगावर घेतला. ओढू लागला. मी सवयीनं तो थांबायची वाट बघत राहिले.

थांबला नाही.

इतक्या जोरानं ओढलं, की मला पहिल्यांदाच दुखलं.