सात चालींची एकच मात

४ मार्च, सोमवार. सकाळी १०
दुकानाची सुट्टी. ठरवलं : आजपासून रोजनिशी. माणूस मोठा झाला की त्याचे घडणीचे दिवस कोणालाच नीट आठवत नाहीत, त्याला स्वतःलाही. म्हणून आधीच लिहून ठेवतो.

काल बाजारपेठ मंडळाची मीटिंग. एप्रिलच्या फुलांच्या जत्रेसाठी शोगीच्या, म्हणजे आमच्या जपानी बुद्धिबळाच्या, कोड्याचा भलामोठा पट रस्त्यावर लावायचा, असं ठरलं. आमचं तेंदो गाव शोगीच्या मोहऱ्यांवर जगतं, त्यामुळे कोडंही गावातल्याच माणसाचं हवं. सगळे ओकुयामासानकडे बघत होते. ते साठ वर्षं मोहरे कोरतायत, बोलत मात्र नाहीत. ते विचार करेपर्यंत मी हात वर केला. एकमताने निवड. म्हणजे कोणी विरोध केला नाही.

पट माझ्या सलूनबाहेर लागणार. खाली नाव : यहागी तामोत्सु.

९ मार्च, शनिवार
कोडं तयार. दोन दुपारी पुरल्या. दुपारी हल्ली कस्टमर नसतं. स्टेशनसमोरच्या नव्या सलूनमध्ये कॉफी देतात, त्याचा परिणाम. तात्पुरता.

दोन्ही बाजूंच्या मिळून सात चालींचं आहे. आपली दर चाल शहाची, सातवीला मात. आणि मात एकाच वाटेनं निघायला हवी. दुसरी वाट सापडली की कोडं बाद, असा नियमच आहे. एकेचाळीस वर्षं लोकांच्या मानेवर वस्तरा फिरवतोय. राजाची मान ती काय!

बायकोला, किनुएला, दाखवलं. ती टॉवेलच्या घड्या घालत होती. बराच वेळ बघून म्हणाली, ‘छान आहे. कोणाकडून तपासून घेतलंत का?’ मंडळाचा सेक्रेटरीही तेच म्हणाला होता. मोबाईलवर तपासता येतं म्हणे, एका सेकंदात. घरचं लोणचं कोणी लॅबमध्ये पाठवतं का?

१२ मार्च, मंगळवार
सकाळी ९. पट लावला. खाली मी स्वतः मार्करने लिहिलं : ‘दुसऱ्या वाटेनं मात करून दाखवा, एक हेअरकट फुकट!’ किनुए म्हणाली, ‘आणि निघाली तर?’ मी नुसता हसलो.

९.४०. पोस्टमन इगाराशी. सायकलवरून उतरलासुद्धा नाही. एक पाय जमिनीला टेकवून पाच चालींत मात करून दाखवली. म्हणाला, ‘यहागीसान, हेच ना ते?’

फुकट कापले. कापण्यासारखे फारसे नव्हतेच. बक्षीस नाममात्र गेलं.

दुपारी भोक बुजवलं. राजाशेजारी ‘चांदीचा सरदार’ हा मोहरा उभा केला. आता पोलादी आहे.

१३ मार्च, बुधवार
दारूच्या दुकानाच्या मालकीणबाई, होसोयासान. एकट्यांनी दोन वाटा काढल्या. बाईंचे केस कमरेपर्यंत. दोन हेअरकट आजच हवेत का, विचारलं. म्हणाल्या, ‘एक आज, एक जत्रेच्या आदल्या दिवशी. सांगून ठेवते हं, विसरू नका.’

चूक माझी नाही, खेळाची आहे. आमच्या शोगीत मेलेला मोहरा मरत नाही, मारणाऱ्याच्या पक्षात जातो आणि उद्या आपल्याच घरात येऊन बसतो. राजाच्या रक्षणाला जितके सरदार ठेवावेत, तितके फितूर होतात. तरी आज आणखी दोन ठेवले.

१७ मार्च, रविवार
एकूण एकोणीस वाटा. हात दुखतोय.

विचार केला : एकच वाट असलेलं कोडं कोणीही रचेल. एकोणीस वाटांचं रचायला काहीतरी लागतं. मी नकळत नवा प्रकार शोधला की काय? किनुएला हा मुद्दा सांगितला. ती म्हणाली, ‘हो ना. पुढच्याला बसवा, खोळंबलाय.’

शब्द दिलाय, तो मागे घेणार नाही. यहागी घराण्यात तशी पद्धत नाही.

२३ मार्च, शनिवार
बाकावर जागा नाही. माणसं स्टूल घरून आणतायत. किनुएने चहाची किटली बाहेर ठेवली, मुळ्याचं लोणचं ठेवलं. केस फुकट, पण दाढी आणि रंग विकत, असं तीच परस्पर सगळ्यांना सांगते. बरेच जण दाढी करून घेतात. लाज वाटत असावी.

कॉफीवाल्या सलूनमधला पोरगेलासा कारागीरही आला होता. त्याने सव्विसावी वाट काढली. त्याचे केस मी जरा आखूडच कापले.

२६ मार्च, मंगळवार. दुपारी ३
सापडलं! सगळ्या चोरवाटा हातातल्या, म्हणजे पटावर हवा तिथे ठेवायला दिलेल्या, भाल्यावरून जातात. शेवटच्या चालीला राजाच्या पुढ्यात ठेवायला मी भाला दिला होता, आणि लोक तोच भलतीकडे वापरतात. भाला काढून घेतला, त्या जागी साधं प्यादं दिलं. माझ्या उत्तराला काहीच फरक नाही. राजाच्या अगदी पुढ्यात प्यादंही भाल्याइतकाच शह देतं.

इतकं सोपं! प्रतिभा म्हणजे शेवटी काटछाटच. आमचा धंदाच तो.

२ एप्रिल, मंगळवार
प्यादं लागू पडलं. आता फक्त चारच वाटा निघतात. मोठी प्रगती. चारांपैकी दोन तर दिसायला सारख्याच आहेत, त्या मी एक धरतो.

ओकुयामासान आले होते. पटासमोर पाऊण तास उभे. मी आतून आरशात बघत होतो. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि निघून गेले. भारावले असावेत.

१३ एप्रिल, शनिवार. सकाळी ७
जत्रा. टेकडीवर फुलं उमलली आहेत. अकरा वाजता मी स्वतः सगळ्यांसमोर मूळ उत्तर दाखवणार. सेक्रेटरीला माईक सांगितलाय. निळा कोट. लोकांना एकदा मुख्य वाट दिसली, की बाकीच्या आपोआप फिक्या पडतील.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
कोट काढून ठेवला. लिहितो.

गर्दी चांगली होती. पहिली चाल, तिसरी, पाचवी. कोणीतरी ‘वा’ म्हणालं, बहुधा इगाराशी. सातवीला मी प्यादं उचललं, जरा थांबलो आणि राजाच्या पुढ्यात ठेवलं. ‘मात!’

टाळ्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग ओकुयामासान बोलले. त्यांचा आवाज इतका बारीक असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाले, ‘यहागीसान, हातातलं प्यादं ठेवून मात करत नाहीत.’

करत नाहीतच. शोगीचा नियम आहे. भाला ठेवून चालते, सरदार ठेवून चालते, हातातलं प्यादं ठेवून नाही. शाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मीही शिकलो होतो.

होसोयासान माईकच्या अगदी जवळ होत्या. ‘म्हणजे आमची चारही उत्तरं बरोबर, आणि यांचं तेवढं चूक?’ हे अख्ख्या बाजारपेठेत ऐकू गेलं. हसणं वरच्या टेकडीपर्यंत पोचलं असणार. ओकुयामासानही हसत होते. मग त्यांनी दोनदा वाकून माझी माफी मागितली, त्याने जास्तच झालं.

१५ एप्रिल, सोमवार
सुट्टी. पट उतरवायला शिडी काढली. किनुए शिडी धरायला आली आणि धरून नुसतीच उभी राहिली. म्हणाली, ‘राहू द्या ना.’

मी म्हटलं, कशासाठी? लोकांना हसायला?

तेव्हा तिने सांगितलं. तिला दुसरी मात पहिल्याच दिवशी दिसली होती, टॉवेलच्या घड्या घालता घालता. ‘बोलले असते तर तुम्ही पट लावलाच नसता. अहो, दोन वर्षांत त्या बाकावर कोणी बसलं होतं का? दुपारी तुम्ही रिकाम्या खुर्चीला कापड बांधून बसायचात. मला बघवत नव्हतं.’

मी म्हटलं, कापड झटकत होतो. ती ‘बरं’ म्हणाली.

शिडी आत ठेवली. तिने मार्कर घेतला आणि पटाखालचं ‘एक हेअरकट फुकट’ खोडून ‘चहा फुकट’ लिहिलं. माझं नाव तसंच ठेवलं. मी नको म्हणालो नाही.

२० एप्रिल, शनिवार
आज सहा जण आले. पाच जणांना मात सापडली, पाचांनी पैसे दिले. सहावा परदेशी पाहुणा, त्याला शोगीतलं ओ की ठो कळत नाही. त्याला बाहेर नेऊन माझी वाट पहिल्या चालीपासून सातवीपर्यंत दाखवली. फार आवडली त्याला. फोटोही काढला.

त्याचे केस फुकट कापले.