उकंडरावांना पेपर वाचून दाखवा

कय्यूमभाई,

तुम्ही नमाजाला गेलात आणि तेवढ्यात माझा मुलगा सागर मला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी न्यायला आला, म्हणून लिहून ठेवतो. मी येईपर्यंत उकंडरावांना पेपर तुम्ही वाचून दाखवा, मोठ्यानं. वाचन राहिलं की ते गप्प होतात, मग जेवतही नाहीत. मला तीच धास्ती आहे.

ऐकूनही बोलले नाहीत, तर त्यांचं गाव उंद्री संग्रामपूर तालुक्यात आहे असं बिनधास्त वाचा. "काऊन बे, चिखली तालुका मेला काय?" म्हणून ओरडतील. ओरडू द्या आणि लगेच ताट पुढं करा.

माझी बायको अंबू गेल्यावर मी या वृद्धाश्रमात आलो, तेव्हा माझंही बोलणं बंद होतं. चष्मा हरवला म्हणून उकंडरावांनीच माझ्याकडून पेपर वाचून घेतला. चष्मा त्यांच्या खिशातच होता.

तुळशीराम